लॅपटॉपची कुबडी

...तर तो लॅपटॉप दगडावरून घसरला, ओल्या गवतावरून सरकत गेला आणि खाली जाऊन उताणा पडला, पोट वर केलेल्या कासवासारखा. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ. काल मी इथवर आलो होतो आणि घरातून जेवायची तिसरी हाक आली, म्हणून उठलो. तिसऱ्या हाकेला उठावंच लागतं. चौथी हाक येत नाही, ताट आत जातं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं दोन शब्दांत सांगतो. दोन शब्दांत सांगणं मला आयुष्यात जमलेलं नाही, तेव्हा मोजत बसू नका.

लॅपटॉप माझ्या नातीचा. ती फोटो काढते, पण खुर्चीत नटून बसलेल्या माणसांचे नव्हे. ती गवताचे, शेवाळाचे, बोटभर उंचीच्या फुलांचे फोटो काढते. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याबरोबर डोंगरावर जाते. या बाईंना पंधरा वर्षांपासून एका फुलाचा संशय आहे. पुस्तकात त्या फुलाला एक नाव दिलेलं आहे आणि बाई म्हणतात, ते नाव याचं नाहीच, हे वेगळंच झाड आहे. आता हे ठरवायचं कशावरून? तर देठावरच्या केसांवरून. केस वर वळलेले असले तर पुस्तक खरं, खाली वळलेले असले तर बाई खऱ्या. आणि हे केस एवढे बारीक, की मला तर देठच दिसत नाही, केस कुठले दिसायला!

हे फूल वर्षातून आठ-दहा दिवस येतं. सकाळी उघडतं, ऊन तापलं की मिटतं, आणि मिटलं की देठ मऊ पडून केस चिकटून बसतात. तोडून घरी न्यायची सोय नाही, कारण साऱ्या डोंगरावर मिळून झाडं पन्नासही नसतील आणि एकही तोडायचं नाही हा बाईंचा नेम. पूर्वी बाई डोळ्याला भिंग लावून, जमिनीला नाक टेकवून बघायच्या; संशय यायचा, पण पुरती खात्री व्हायची नाही. आता त्यांची नजर चालली आहे. कडेचं दिसतं, मधोमध धुकं. भिंगातून काही कळत नाही.

म्हणून नातीने युक्ती काढली. कॅमेऱ्यातून एक लांब केबल काढायची आणि लॅपटॉपला जोडायची. इकडे खटका दाबला की तिकडे पडद्यावर देठ दोरखंडाएवढा जाड होऊन येतो. बाई मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने तो न्याहाळतात आणि सांगतात, उजेड इकडून टाक, जरा खालून घे, पुन्हा घे. घरी जाऊन बघू म्हणून चालत नाही. घरी जाईपर्यंत फूल मिटलेलं. जे काय बघायचं ते तिथेच, त्या दोन-तीन तासांत.

घोडं अडलं ते एवढ्याशा गोष्टीवर, की लॅपटॉप ठेवायचा कुठे? खाली ठेवला तर दव. बाईंच्या मांडीवर ठेवला तर गुडघे ओरडतात, आणि केबलला कुणाचा पाय लागला की मांडीसकट सगळं ओढलं जातं. दगडावर ठेवला तर काय होतं ते सांगितलंच. गेल्या वर्षीचा हंगाम त्या घसरगुंडीत गेला. बाजारात स्टँड मिळतात, नातीने एक आणलाही होता. चार किलोचा! पाठीवर आधीच कॅमेरा, बॅटऱ्या, पाणी. त्यात दर पंधरा मिनिटांनी एका झाडापासून उठून दुसऱ्या झाडापाशी जायचं. दुसऱ्याच दिवशी तिची कंबर धरली.

यंदा फुलं यायच्या आधी ती माझ्याकडे आली. ही पोरगी नेहमी दारातूनच बोलत येते. त्या दिवशी येऊन गप्प बसली.

"आजोबा, बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी पडद्यावरचंही दिसेल असं वाटत नाही. यंदा शेवटचं."

"मग त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी बघितलं तर?" मी विचारलं.

"पंधरा वर्षं त्या वाकून बसल्यात त्या फुलाशी. आणि शेवटी 'दिसलं हो' हे दुसऱ्याने येऊन सांगायचं?"

मी चपला घातल्या. म्हटलं, "चल, माप्याकडे जाऊ."

आणि हा माप्या कोण, हे सांगायलाच मी काल बसलो होतो. मध्येच लॅपटॉप घसरला.

माप्या कुबड्या करतो. चाळीस वर्षं झाली असतील. आम्ही एका शाळेतले. शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता आणि एक गुरुजी. गुरुजींनी एकदा नवी छडी आणली. माप्याने ती टेबलावरून उचलून वितीने मोजली आणि उभं राहून सांगितलं, "गुरुजी, ही जुनीपेक्षा दोन बोटं आखूड आहे." ती दोन बोटं कुठे कमी पडतात का, हे गुरुजींनी त्याच्याच तळहातावर तपासून बघितलं. तेव्हापासून त्याचं नाव माप्या. खरं नाव काय ते त्याच्या बायकोलाही कागद काढून सांगावं लागेल.

त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी. माप्या लग्नाचं बोलायला त्यांच्या घरी गेला होता, ती गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला हवी. "सगळे माझ्याकडे बघतायत आणि हे टेबलाखाली. मला वाटलं, यांचं काही पडलं. तर वर येऊन म्हणतात, तुमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. खिशातला कागद काढला, घडी घातली, पायाखाली सरकवली आणि मग पाणी प्यायले."

"आणि तरी होकार दिलात, वहिनी?"

"भाऊजी, ते टेबल मी जन्मल्यापासून डुगडुगत होतं."

त्याचं दुकान बाजारामागच्या गल्लीत आहे. एक लांबट खोली. कोपऱ्यात अॅल्युमिनियमच्या नळ्या उभ्या, खुंटीला कातड्याचे पट्टे, बरणीत कुबडीच्या टोकाला बसवायच्या रबरी टोप्या. मधली फरशी मात्र मोकळी, आणि आरशासारखी सपाट. तिच्यावर त्याने पातळी धरायला पाण्याची नळी आणि दोरा घेऊन आठ दिवस घालवले होते. गिऱ्हाईक आलं की ते तिथे उभं करायचं. रोजच्याच चपला घालून. मग माप्या त्याच्याशी गप्पा मारतो. मुलगा काय करतो, छप्पर गळतं का, असलं काहीही. मला वाटायचं, काय हा बडबड्या! एकदा म्हणाला, "अरे, माप घेतोय म्हटलं की माणूस खांदे वर ओढतो. गप्पांत विसरला की खांदे खाली येतात. ते खरे खांदे." खांदे खाली आले की हा हळूच मागे जातो आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलने कोपराची रेघ मारतो. ती चौकट रेघांनी भरली आहे. एकीपुढेही नाव नाही. पण विचाराल तर बोट ठेवून सांगेल, ही शिंप्याची, ही त्याच्या आईची.

आणि एक त्याचा हट्ट होता. नळीला भोकं पाडायची नाहीत. आता दुकानात तयार कुबड्या मिळतात, त्यांना खाली ओळीने भोकं असतात, खटका दाबून उंची कमी-जास्त करायची. माप्या त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचा. "पाहुण्यांसाठी दारात ठेवलेली चप्पल आहे ती. सगळ्यांच्या पायात जाते, कुणाच्याच पायाला होत नाही. माझी कुबडी ज्याची त्याची." त्या भोकवाल्या कुबड्यांनी त्याची निम्मी गिऱ्हाइकं नेली, तरी हा आपला ठाम. आठवड्याला एक जोडी झाली तर झाली, पण नळी अखंड.

तर आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. नातीने नवा पडदा बसवून घेतलेला लॅपटॉप काढून समोर ठेवला. माप्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पोरी, तू फरशीवर उभी राहा."

"माप आजोबा, स्टँड लॅपटॉपला हवाय. मला नाही."

"लॅपटॉपला काय डोळे आहेत? बघणार कोण?"

"बघणार बाई. पण त्या आणि मी उंचीला सारख्याच आहोत."

"मग झालं. डोंगरावर पाऊस-पाणी कसं असतं गं? जेवायला काय नेता?" आणि ती भोळी त्याला डब्यात काय काय नेते ते सांगत बसली. तेवढ्यात चौकटीवर रेघ पडली.

लॅपटॉपचं वजन त्याने वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं. वहिनी म्हणाल्या, "आजवर या काट्यावर काय काय चढलं, हेच राहिलं होतं."

चार दिवस तो त्या कामाला चिकटून होता. कुबडीच्याच नळ्यांचे तीन पाय. वर पातळ प्लायवूडची फळी, आणि तिला चाळणीसारखी गोल भोकं, वजन घटवायला. मी म्हटलं, "काय रे, भोकं?" तर म्हणाला, "फळीला चालतात. नळीची गोष्ट वेगळी." लॅपटॉप बांधायला कातड्याचे दोन पट्टे. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून वहिनींनी छत्रीच्या काळ्या कापडाचं टोपडं शिवलं. आणि एका पायाला एक छोटा पट्टा, त्यातून केबल ओवून घ्यायची, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी हिसका स्टँडला बसेल, लॅपटॉपला नाही. ही अक्कल त्याला लंगड्या माणसांच्या पिशव्यांवरून आली होती. कुबडीला पिशवी अडकवली की झटका हाताला बसतो, म्हणून तो सगळ्यांच्या कुबड्यांना असा पट्टा लावून देतो.

स्टँड काट्यावर ठेवला. काटा एक किलोच्या बोटभर अलीकडेच थांबला. नात तर नाचायचीच बाकी होती. फरशीवर उभा केला, लॅपटॉप चढवला, नात पुढे उभी राहिली. हात अलगद जाऊन बटणांवर बसले. मी हलवून बघितला, ढिम्म हलेना. माप्याने दोन वेळा चष्मा पुसला. त्याला फार आनंद झाला की तो चष्मा पुसतो.

फुलं आली. नात आणि बाई डोंगरावर गेल्या. पायथ्याच्या एका घरात मुक्काम, रोज पहाटे चढायचं. मी इकडे वाट बघतोय, आज फोन येईल, उद्या येईल. चौथ्या दिवशी दुपारी आला.

"आजोबा, तुम्ही एकटेच आहात ना? माप आजोबा जवळ नाहीत?"

मी म्हटलं, "नाही. काय मोडलं?"

"काहीच मोडलं नाही. फार छान आहे तो. फक्त... आजोबा, दुकानात मलाही सुचलं नाही, फूल बोटभर उंच असतं. मी पोटावर पालथी पडून फोटो काढते. बाईंना वाकता येत नाही, म्हणून त्या खाली बसकण मारून बसतात, सारखी उठबस त्यांना होत नाही. आणि लॅपटॉप आमच्या डोक्यावर. खालून नुसती फळी दिसते. तिच्या भोकांतून आभाळ दिसतं."

मी हसलो. हसायला नको होतं, पण डोळ्यांपुढे आलं ना! दोघी जमिनीवर आणि लॅपटॉप भाषणाला उभा राहिल्यासारखा वर. ती मात्र हसली नाही. "आणि उतारावर वरचा पाय लांब होतो, खालचा आखूड. रबरी टोप्या ओल्या गवतावर सटकतात. तीन दिवस मी दगड लावून बघितलं. बाई काही बोलत नाहीत. काल म्हणाल्या, असू दे गं, तू फोटो काढून ठेव, नंतर कुणीतरी बघेल. आजोबा, तीन-चार दिवस उरलेत."

आता हे माप्याला कोण सांगणार? वाटेत मी तीन वेळा थांबलो, एकदा विनाकारण पेरू विकत घेतले. दुकानात गेलो तर तो पट्ट्याला भोक पाडत बसला होता.

"काय म्हणतेय पोरगी? बसला ना बरोबर?"

"बसला. पण जरा उंच होतोय."

"उंच?" तो उठला आणि चौकटीपाशी गेला. तिच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही बघ. अर्धं बोटसुद्धा इकडचं तिकडे नाही. माझं माप चुकायचं नाही."

"माप नाही चुकलं रे. ती तिथे उभीच नसते."

"म्हणजे?"

"आडवी असते. पालथी. आणि बाई बसलेल्या असतात. आणि जमीन तिरकी असते."

माप्याने बोट रेघेवरून काढलं नाही. आतून वहिनी बाहेर आल्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, विचारलं का नाहीत तिला, काम कसं करतेस ते?"

"विचारलं ना," माप्या म्हणाला. "जेवायला काय नेतेस ते विचारलं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीने आम्ही निघालो. मी नको नको म्हणत होतो. आमच्या दोघांची मिळून दीडशे वर्षं होत आली आणि समोर डोंगर. पण तो ऐकेना. पिशवीत करवत, कानस, हाताने फिरवायचं ड्रिल, खिळे आणि बगलेत बारीक नळ्यांची मोळी. गाडीत बायका त्या मोळीकडे बघून आम्हाला वाट देत होत्या. त्यांना काय वाटलं कोण जाणे.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही चढत होतो. मी दर वीस पावलांवर निसर्ग बघायच्या निमित्ताने थांबायचो. वर पोचलो तर नात पालथी पडलेली, बाई शेजारी बसलेल्या, आणि त्यांच्या डोक्यावर काळं टोपडं घातलेला तो स्टँड, खाली दगडांचे तुकडे लावलेला. बाईंनी मान वर केली, आमच्याकडे न बघता जरा बाजूला बघितलं, आणि ओळखलं.

"तुम्ही ते कुबडीवाले? हा केबलचा पट्टा फार कामाचा आहे हो. काल माझाच पाय अडकला होता."

कौतुकच केलं त्यांनी. पण माप्याचं लक्ष दुसरीकडे होतं. त्याने पिशवी खाली ठेवली, टोपी काढली, आणि सरळ गवतावर पालथा झाला, नातीच्या शेजारी. अंगातला सदरा दवाने भिजला. मी म्हटलं, "अरे, तुला उठवणार कोण?" तर हात हलवून म्हणाला, "थांब. बघू दे."

फूल शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्याकडे त्याने बघितलं की नाही कोण जाणे. हनुवटी जमिनीला टेकवून तो स्टँडकडे बघत होता, खालून वर. बराच वेळ. मग बाईंच्या शेजारी जाऊन बसला, तसाच गुडघे मुडपून, आणि तिथूनही बघितलं. मग उतारावर चार पावलं वर गेला, चार पावलं खाली आला. आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"तुला एक सांगतो," तो म्हणाला. "मागे एक बाई आली होती कुबडी परत घेऊन. म्हणाली, दुकानात बरी वाटते, घरी चालता येत नाही. मी तिला फरशीवर उभी केली, माप दाखवलं, म्हटलं बघा, चोख आहे. तुम्हीच नीट चालत नाही. ती कुबडी घेऊन गेली मुकाट्याने. पुन्हा आली नाही."

त्याने ओल्या सदऱ्याला चिकटलेलं गवत उपटून टाकलं.

"तिच्या घरापुढे चढ असेल का रे?"

"असेल."

"आणि मी कधी कुणाच्या घरी गेलो?"

चाळीस वर्षं तो त्या चौकटीपाशी उभा होता, आणि माणसं रेघ मारून घेऊन गल्लीच्या टोकाला वळत होती. वळल्यावर पुढे पायऱ्या होत्या, चिखल होता, चढ होता. मीही त्याच दुकानात बसून हजारदा चहा प्यायलो. मला तरी कुठे सुचलं होतं? मी फक्त घड्याळ बघितलं. साडेआठ झाले होते. दहाच्या सुमाराला फुलं मिटायला लागतात, हे नातीने सांगून ठेवलं होतं.

ते त्यालाही दिसलं. उठला, स्टँडवरून लॅपटॉप काढून बाईंच्या मांडीवर दिला आणि तिन्ही पाय करवतीने निम्म्यावर कापले. आपलं काम कापताना माणसाचा हात जड होतो. याचा झाला नाही. खालचे तुकडे बाजूला टाकले. बारीक नळ्या आणल्या होत्या त्या वरच्या नळीत सरकवून बघितल्या. अलगद गेल्या. मग ड्रिल घेतलं, नळी माझ्या गुडघ्यांत धरायला दिली, आणि ड्रिलचं टोक नळीवर टेकवून थांबला.

मला कळलं तो का थांबला ते. मी डोंगराकडे बघत बसलो.

कर्रकर्र आवाज सुरू झाला. अॅल्युमिनियमचे चकचकीत कीस माझ्या धोतरावर पडायला लागले. एक भोक, बोटभर सोडून दुसरं, तिसरं. प्रत्येक पायाला आठ-आठ. आरपार खिळा घालायचा की पाय तिथे अडकतो. खिळा काढला की आत-बाहेर होतो. वरच्या बाजूचा पाय आखूड करायचा, खालच्या बाजूचा लांब. रबरी टोप्या त्याने खिशात घातल्या आणि नळ्यांची तोंडं तिरकी कापली, आम्ही शाळेत बोरू कापायचो तशी. मातीत दाबलं की वीतभर आत.

"बाई, तुम्ही तशाच बसा," तो म्हणाला. "खांदे सोडा. गुडघ्याला काय झालंय तुमच्या?"

"वय झालंय," बाई म्हणाल्या.

"ते मलाही झालंय, माझा गुडघा नाही दुखत. कधीपासून दुखतो?"

बाई सांगायला लागल्या, पायऱ्यांवरून पडल्याची गोष्ट. त्यांचं बोलणं चालू असतानाच त्याने खिळे काढले, घातले, पुन्हा काढले. फळी त्यांच्या हनुवटीखाली आली. थोडी पुढे कलवली. लॅपटॉप बांधला, वर टोपडं ओढलं, केबल पट्ट्यातून घेतली. नात पुन्हा पालथी झाली. तिने मान जरा उचलली की तिलाही पडदा दिसत होता. ती एकदम ओरडली, "आजोबा, दिसतंय! मला इथून दिसतंय!"

"तुला दिसून काय उपयोग? खटका दाब," माप्या म्हणाला.

खटका वाजला. पडद्यावर देठ आला, दोरखंडासारखा. मला त्यात काही कळेना. सगळं हिरवं, आणि त्यावर पांढरं पांढरं काहीतरी. बाईंनी मान तिरकी केली.

"मोठं कर. अजून. नाही, उजेड मागून टाक. फूल हलवू नकोस, तू हल."

पुन्हा खटका. पुन्हा. बाई पडद्याच्या एवढ्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर उमटत होता. मग मागे आल्या. डाव्या डोळ्याच्या कडेने बघितलं, मग उजव्या. माप्याच्या हातात एक खिळा राहिला होता, तो बोटांत फिरवत होता.

"खाली," बाई म्हणाल्या.

नातीने विचारलं, "खालून घेऊ?"

"नाही गं. केस. खाली वळलेत." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि देठावरून सावकाश फिरवत नेलं. "हा खाली. हा खाली. हाही. सगळे खाली."

मला वाटलं आता त्या रडतील, किंवा नात तरी रडेल. माझी तयारी झाली होती. पण बाईंनी पदराने काच पुसली आणि म्हणाल्या, "आता पलीकडच्या बाजूने घे. माझा माझ्यावर विश्वास नाही."

पलीकडच्या बाजूने घेतला. मग तिथून उठून दुसऱ्या झाडापाशी. नातीने स्टँड एका हाताने उचलून नेला, लॅपटॉप दुसऱ्या काखेत. माप्या मागून गेला, जमीन चाचपली, दोन खिळे बदलले. तिसरं झाड. चौथं. प्रत्येक ठिकाणी उतार वेगळा, प्रत्येक ठिकाणी हा आधी गुडघ्यांवर, मग पोटावर. त्याचा सदरा पुढून पार हिरवा झाला होता. वहिनी काय म्हणतील या विचाराने मलाच घाम फुटला. सव्वादहाला फुलं मिटायला लागली आणि नातीने कॅमेरा बंद केला. चार झाडं झाली होती. चारही ठिकाणी खाली.

माप्या एका दगडावर बसून चष्मा पुसत होता. बाई नातीच्या खांद्याला धरून त्याच्याजवळ आल्या. त्या हसत होत्या, पण काम संपलेलं माणूस हसतं तसं नव्हे.

"हे एका उतारावरचं झालं," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर लोक मानायचे नाहीत. त्या समोरच्या कड्याखाली दहा-बारा झाडं आहेत. ती मी स्वतः बघितली की मग कुणाची हरकत ऐकायची नाही. तीन सकाळी राहिल्यात. पण तिथे उतार याच्या दुप्पट आहे, आणि पाय ठेवायला एवढीशी जागा. तिथे राहील का हो उभा तुमचा स्टँड?"

माप्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, कड्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "ते इथून कसं सांगू, बाई? उद्या सकाळी तिथे जाऊन आधी आडवा होतो, मग सांगतो."